सदर बांधाचे काम पूर्ण झाले आहे

“लिव बाय, परशन असा हाय,” असं म्हणून ते डोळे मिटून घ्यायचे.

माझी बोटं टाइपरायटरवर तयार असायची. आजूबाजूला इंग्रजी टायपिंगवाल्यांचा खडखडाट चाललेला. मी वाट बघायची. मग ते एकदम डोळे उघडून विचारायचे, “तू जेवलीस का गं?” जेवले म्हटलं की समाधानानं मान हलवायचे आणि मगच खरा प्रश्न सुरू व्हायचा.

पनवेलला टपाल नाक्याच्या अलीकडच्या आळीत माझ्या थोरल्या भावाचा टायपिंगचा क्लास होता. मराठी यंत्र एकच, आणि त्यावर बसणारी मीही एकटीच. मॅट्रिक होऊन दोन वर्षं झाली होती. अर्ज, दाखले, वकिलांचे कागद टाइप करत दिवस जायचा. त्यात एके दिवशी धोतर, पांढरा सदरा आणि हातात कापडी पिशवी घेतलेले हे गृहस्थ आले आणि म्हणाले, “सरकारला परशन इचारायचा हाय. हिथं करून मिलतो का?”

दादा गडबडीनं उठून उभा राहिला. त्यानं ओळखलं होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या वाऱ्यात जे कितीतरी साधे लोक निवडून गेले, त्यांतले हे एक आमदार होते. खाडीकाठच्या एका गावचे. शिक्षण चौथीपर्यंत. अर्धं आयुष्य भातशेतीत आणि अर्धं मिठागरात गेलेलं. विधानसभेत त्यांची जागा अगदी शेवटच्या बाकावर, दाराजवळ. ते म्हणायचे, “माझी जागा बरी हाय. वारा येतो आनि पट्टेवाल्याशी बोलता येतं.”

मी त्यांना पहिल्या दिवशी साहेब म्हटलं तर ते मागे वळून बघायला लागले, साहेब कोण आलाय म्हणून. मग मी आमदारकाका म्हणायला लागले. हळूहळू सगळी आळीच म्हणायला लागली.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याला भाषण येत नाही पण सांगण्यासारखं पुष्कळ असतं. काकांचं तसं होतं. ते बोलायचे आणि मी लिहिताना त्याचं शुद्ध मराठी करायची. ते म्हणायचे, “आमच्या गावाला डागतर नाय.” मी टाइप करायची, ‘सदर गावी वैद्यकीय सोय उपलब्ध नाही, हे खरे आहे काय?’ वाचून दाखवलं की ते कौतुकानं ऐकायचे. एकदा म्हणाले, “बाय, मी पोरगी घरच्या लुगड्यात आनतो. तू तिला शालू नेसवतेस. नवऱ्याकडची मानसं मंग बघत बसतात शालूच.” मी हसले. त्यात थोडी तक्रार होती हे माझ्या त्या वयात लक्षात आलं नाही.

त्यांचे प्रश्न लहान असत. इतर सभासद धरणांवर, कारखान्यांवर, राज्याच्या सीमेवर बोलत. काका विचारत, मिठागरातल्या बायांच्या पायांना जखमा होतात त्यावर मलम कोण देणार. अमुक शाळेचा मास्तर बदलून गेला, दुसरा कधी येणार.

एकदा त्यांनी दवाखान्यातल्या नर्सबद्दल विचारलं. रिकामी जागा केव्हा भरणार? तेव्हा समोरच्या बाकांवरून कोणीतरी म्हणालं, “माननीय सभासदांची प्रकृती बरी नाही काय?” सगळं सभागृह हसलं. ही हकीकत सांगताना काका स्वतःच हसत होते. “मी बी हसलो बाय. इनोद चांगला हुता. मंग मी सांगितलं, अध्यक्ष महाराज, माझी परकुर्ती बरी हाय. पन गावात तीन बाया पोटुशी हायेत.”

“मग?”

“मंग कोन हसलं नाय.”

महिन्याभरात नर्स आली. त्यांच्या पाच वर्षांतलं हे एकच काम यश म्हणून मोजता येईल असं. बाकीच्या बहुतेक प्रश्नांना उत्तर यायचं, ‘बाब विचाराधीन आहे.’ ते ऐकून काका म्हणायचे, “इचार करतात बिचारी. करू दे.”

पण एक प्रश्न असा होता की तो सांगताना ते जेवलीस का विचारायचे नाहीत.

त्यांच्या गावाची भातशेती खाडीच्या पातळीला. मधे मातीचा बांध, म्हणून समुद्राचं पाणी बाहेर. एका उधाणात तो बांध फुटला. खारं पाणी शेतात शिरलं, आणि पुढच्या प्रत्येक मोठ्या भरतीला शिरत राहिलं. भात गेलं. मग विहीरही खारी झाली. बाया दीड कोसावरून पाणी आणायला लागल्या. काकांनी हा प्रश्न प्रत्येक अधिवेशनात विचारला. मी तो इतक्या वेळा टाइप केला की कागदाकडे न बघता करू शकले असते. ‘सदर विहिरीचे पाणी क्षारयुक्त झाले आहे, हे खरे आहे काय?’

आणि एके दिवशी टपालानं लेखी उत्तर आलं. काका पाकीट न फोडता तसंच घेऊन आले. “तू वाच.” मी वाचलं, ‘सदर बांधाचे काम पूर्ण झाले आहे.’

“काका, झालं की! पेढे द्या,” मी म्हटलं.

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला. मग हळूच म्हणाले, “बाय, आज सकाली मी त्याच बांधावरून आलो. भगदाडातून.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी दादाला आणि मला गावी नेलं. बैलगाडी, मग थोडं चालत. बांध कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं ते मी पाहिलं. शेतात मिठाची पांढरी साय धरली होती. घरी काकूंनी चहा टाकला. दूध ओतलं आणि ते नासलं. त्यांनी पुन्हा टाकला, पुन्हा नासला. मग कोरा चहाच पुढे ठेवला. मी एक घोट घेतला आणि तो गिळवेना. तोंडात धरून बसले. काकू म्हणाल्या, “थुक गो बाय, लाजू नको. आमी पाव्हण्यांना चाय इचारायची सोडलीय. तू पोरीसारखी, म्हनून केली.”

तीन वर्षं मी ‘क्षारयुक्त’ हा शब्द टाइप करत होते. तो कसा लागतो ते मला त्या दिवशी कळलं.

त्या उत्तरावर तारांकित प्रश्न लागला, म्हणजे आता मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागणार होतं. गावकऱ्यांनी ठरवलं की काकांनी विहिरीचं पाणी बाटलीत भरून न्यायचं आणि भर सभागृहात मंत्र्यांपुढे धरायचं, प्या म्हणून. काकूंनी औषधाची मोठी बाटली धुऊन भरून दिली. गावातले चौघं आणि आम्ही दोघं बहीणभाऊ, असे सहा जण प्रेक्षकांच्या गॅलरीत बसलो. मी माझी बरी साडी नेसले होते. जसं काही मलाच बोलायचं होतं.

काकांचा नंबर आला. मंत्री वयस्कर होते, बारीक अंगाचे. त्यांनी उत्तर वाचायला सुरुवात केली आणि त्यांना खोकला आला. साधा ठसका नव्हे. ते टेबलाला धरून वाकले. हातानं पाणी पाणी अशी खूण करत होते, आणि पट्टेवाला दुसऱ्या टोकाला होता. शेवटच्या बाकावर काका उठून उभे होते. त्यांचा हात पिशवीत गेलेला मला वरून दिसत होता. शेजारचा गावकरी दात ओठ खाऊन पुटपुटत होता, “काढ! आता काढ!”

काकांनी हात बाहेर काढला. रिकामा.

पट्टेवाल्यानं पेला आणला, मंत्री पाणी प्याले, घाम पुसून त्यांनी उत्तर पुरं केलं. काम पूर्ण झाले आहे. मग काका म्हणाले, “अध्यक्ष महाराज, मंत्रीमहोदयांनी तो बांध सोताच्या डोल्यांनी बघितला हाय काय?”

“नाही.”

“मंग येवा एकदा. तब्येत बरी झाली म्हंजे येवा.”

थोडे लोक हसले. अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला. सगळं मिळून चार-पाच मिनिटांत आटोपलं.

परतीच्या एस.टी.त गावकरी पुढे बसले. काकांकडे पाठ करून. मागच्या बाकावर काका, दादा आणि मी. मीही रागावले होते. ठाणं गेल्यावर मला राहवेना. “काका, बाटली का नाही काढलीत? तेवढ्यासाठी गेलो होतो ना?”

ते पिशवी मांडीवर धरून बसले होते. म्हणाले, “त्याला तहान लागली हुती गं.”

“पण तो खोटं बोलत होता.”

“व्हय. खोटा हुता. पन तहानेला हुता.” थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “तहानेल्याला खारं पानी कसं देऊ? घरी काय तोंड दाखवू?”

मंत्री आले नाहीत. पुढच्या निवडणुकीत काका पडले. त्यांच्या स्वतःच्या गावानंसुद्धा त्यांना मत दिलं नाही. बाटलीची गोष्ट सगळ्या खाडीकाठानं ऐकली होती, आणि आमदार घाबरला असाच तिचा अर्थ लावला गेला होता. मी मत दिलं ते काकांनाच. पण खरं सांगायचं तर त्या दिवसाचा राग माझ्याही मनातून पुरता गेला नव्हता. आज त्याची लाज वाटते.

तीन-चार महिन्यांनी ते क्लासमध्ये आले. हात फुटलेले, नखांत काळा चिखल, चेहरा उन्हानं रापलेला. मी घाबरून विचारलं, “काय झालं?”

“काय नाय. बांध घातला.”

निवडणूक आटोपल्यावर ओहोटीच्या वेळी ते आणि काकू, दोघंच फावडं-पाटी घेऊन भगदाडापाशी गेले होते. पहिले आठ दिवस लोक लांबून बघत होते. भरती यायची, अर्धी माती घेऊन जायची. नवव्या दिवशी एक जण आला. “कोन आला माहीत हाय? तुज्या बाजूला बसून मला शिव्या देत हुता ना, तोच. म्हनला, सरक म्हाताऱ्या, तुला माती लावता येत नाय.” मग त्याची बायको आली, मग शेजारी, मग सगळं गाव. पावसाच्या आधी बांध उभा राहिला.

“आनि काल सरकारचा ओव्हरसियर आला. फीत लावून मोजून गेला. म्हनला, काम चांगलं हाय.” काका अगदी मनापासून हसले. “बाय, आता ते उत्तर खरं झालं. सभागृहाच्या पुस्तकात खोटं र्‍हायला नको हुतं. आमी बी तिथं पाच वर्सं बसलोय.”

हसावं की रडावं, ते मला कळेना. ते मात्र खरोखर हलके झाले होते.

त्यानंतरही ते पनवेलच्या बाजाराला आले की क्लासमध्ये यायचे. आता प्रश्न नव्हते. बाकावर बसायचे, यंत्रांचा आवाज ऐकायचे. मी विचारायची, “काही टाइप करायचंय का काका?” ते म्हणायचे, “नाय गं. बसतो नुसता.” आणि खरंच नुसते बसायचे, अर्धा तास.

माझं लग्न ठरलं, सोलापूरला. तिथे पाणी विहिरीत खोल आणि समुद्र तर नकाशातच. पहिल्या वर्षी मी दादाला लिहिलेल्या प्रत्येक पत्रात विचारायची, काका येतात का. दादा लिहायचा, येतात, तुझ्या यंत्रावर दुसरी मुलगी बसते, तिलाही जेवलीस का विचारतात. मला त्या मुलीचा हेवा वाटायचा. पुढे एका पोस्टकार्डात शेवटी दोन ओळी होत्या, आमदारकाका गेले, आजारी नव्हते, दुपारी निजले ते उठले नाहीत. कार्ड आलं तोवर त्यांचा तेरावाही होऊन गेला होता.

खूप वर्षांनी मुंबईला एका ग्रंथालयात मी विधानसभेच्या कामकाजाचे छापील खंड मागून घेतले. काका सापडले. नर्स होती, मलम होतं, बांधही होता. पण सगळं ‘आहे काय’ आणि ‘नाही’ असं. माझ्यासारख्याच कुणीतरी तिथेही बसून त्यांचं सगळं बोलणं शुद्ध केलं होतं. ‘बघितला हाय काय’च्या जागी ‘पाहणी केली आहे काय’. मी पान उलटं-सुलटं केलं. एक ‘हाय’ कुठे निसटून राहिला असेल, एक ‘नाय’. नव्हता. त्या आवाजाची एवढी भूक लागली होती की ग्रंथालयात बसून मी ‘बघितला हाय काय’ आणि ‘मंग येवा एकदा’ ही दोन वाक्यं ओठांतल्या ओठांत त्यांच्यासारखी म्हणून पाहिली. जमलं नाही.

आज माझी ऐंशी उलटली. उलव्याकडची ती खाडी बुजवून तिथे काय काय उभं राहतंय, भाचा सांगत असतो. तो बांध आता जमिनीखाली कुठेतरी असेल.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते लग्नाच्या आठ दिवस आधी. वालाच्या शेंगा घेऊन आले होते. निरोप घेऊन जिना उतरले. मी क्लासच्या गॅलरीतून बघत होते. पोस्टाच्या पायरीपाशी मिठागरातल्या तीन-चार बाया हातात एक कागद घेऊन उभ्या होत्या, कुणाला विचारावं ते न कळून. काका त्यांच्या पुढे गेले, थांबले आणि परत वळले. आमदारकी जाऊन दोन वर्षं झाली होती. ते पायरीवर बसले. एक बाई बोलायला लागली, मग दुसरी. कानामागे हात धरून ते ऐकत होते. त्यांच्या गावाकडची एस.टी. आली, थांबली, कंडक्टरनं त्यांच्याकडे बघून दोनदा हाक मारली. त्यांनी मान वर केली नाही. गाडी गेली. धूळ खाली बसली तेव्हा तिसरी बाई बोलत होती.