न बोललेलं खोटं

देशमुखबाई आमच्या घरी कधी मागच्या दाराने आल्या नाहीत. हिमायतनगरच्या त्या घरामागे एक बोळ होता. धुणंभांडीवाली, दूधवाला, इस्त्रीवाला, सगळे तिकडून येत. देशमुखबाई स्वयंपाकाला लागल्या त्या दिवशी मोठ्या काकूने, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या वहिनीने, त्यांना ती वाट दाखवली. बाईंनी ती नीट पाहून घेतली, "बरी हाय" म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या फाटकातून आल्या. पायरीशी चपला काढल्या आणि आतपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आले हो, काकू." घर काकूच्या शब्दावर चालायचं, पण त्या सकाळी काकूनेच पुढचं दार उघडलं.

त्या उदगीरकडच्या. लग्नानंतर काही वर्षांनी नवऱ्याबरोबर हैदराबादला आल्या, कुकटपल्लीला भाड्याच्या दोन खोल्यांत राहिल्या. नवरा तिथल्याच एका खाजगी कारखान्यात फिटर होता. नव्या आर्थिक धोरणाचा बोलबाला सुरू झाला त्या वर्षांत कारखान्याला टाळं लागलं. मी तेव्हा एका दैनिकात उमेदवारी करत होतो. माझ्या टेबलावर रोज नव्या कंपन्यांच्या बातम्या यायच्या, परदेशी गाड्यांच्या, फ्रीजच्या, वाढलेल्या पगारांच्या. टाळं लागलेल्या कारखान्याची बातमी एकदाच आली. बंद राहणं ही रोजची बातमी होत नाही.

नवरा मात्र रोज खाकी शर्ट घालून कारखान्याच्या फाटकाशी जाऊन बसायचा. त्याच्यासारखे आणखी बरेच होते. देशमुखबाई त्याला डबा भरून देत. काकूने एकदा विचारलं, "काम नाही तर डबा कशाला हो?" बाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "माणूस डबा घेऊन निघाला की कामावरच निघाल्यासारखा दिसतो काकू. लेकरांनी तसाच बघावा." लेकरं म्हणजे एकच मुलगी, संगीता. ती जामबागच्या कॉलेजात बारावीला होती आणि तिला इंजिनिअर व्हायचं होतं. देशमुखबाई हिमायतनगरच्या चार घरी स्वयंपाक करत होत्या ते एवढ्यासाठीच. हे त्यांनी लपवलं नव्हतं. पोळी फुगली की म्हणायच्या, "ही गेली संगीताच्या कॉलेजात."

रात्रीचं उरलेलं त्यांनी कधी नेलं नाही. काकूने एकदा भाजीचं पातेलं पुढे केलं. "न्या हो, वाया जायचं." देशमुखबाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं. "आमच्या घरी चूल पेटती, काकू. तुम्ही गाईला घाला." स्वरात राग नव्हता. चहा मात्र त्या हक्काने घेत, आमच्याच कपबशीतून, स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्या राहून, आणि त्यात आलं कमी पडलं तर तसं सांगत.

कशालाही त्यांचं उत्तर एकच असे, "होतंय की." गॅस संपला, होतंय की. संगीताला गणितात कमी गुण पडले, होतंय की. फाटकाशी बसणाऱ्यांपैकी एकाने हाय खाल्ली आणि तो गेला, त्या दिवशी त्या उशिरा आल्या. डोळे सुजलेले होते. मी विचारलं, "मावशी, आता कसं व्हायचं त्या घरच्यांचं?" त्यांनी कणकेत पाणी घातलं. "त्याची बायको शिवणकाम जाणती. होतंय की, भैय्या. तिला आज नाही म्हणता येत, म्हणून मी म्हणायले." हा भाबडेपणा नव्हता. हे म्हणणं त्यांच्या वाट्याला आलेलं काम होतं आणि ते त्या नेमाने करत होत्या.

आता जे सांगायचं ते महालक्ष्म्यांचं. आमच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या उभ्या राहत. नैवेद्य सोवळ्यातला, तो ब्राह्मण सुवासिनीनेच करायचा असा दंडक. देशमुखबाई तो सलग तीन वर्षं करत होत्या. पहाटे येऊन आमच्याकडे अंघोळ करायच्या, काकूने वाळत घातलेलं लुगडं नेसायच्या, पुरण घाटायच्या, सोळा भाज्या, आंबील, फुलोरा सगळं उरकायच्या. नियम काकूने सांगितले तसे पाळायच्या. काकू शेजारणींना सांगायची, "आमच्या देशमुखबाईंसारखं सोवळं आजकाल कुणाला जमतं?"

मराठवाड्यात देशमुख ब्राह्मण असतात आणि मराठाही असतात. ज्याच्याकडे वतन, तो देशमुख. आमच्या घरातल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. आमचे स्वतःचे दोन मावसभाऊ देशमुख आहेत. तरी कुणी विचारलं नाही. बाई स्वच्छ होत्या, हाताला चव होती, कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. बोलण्यावरून ओळखावं म्हटलं तर हैदराबादेत तेही जमत नाही. आम्ही सगळेच "हौ" आणि "नक्को" म्हणणारे. उदगीरच्या शेतकऱ्याची मराठी आणि हिमायतनगरच्या निवृत्त तहसीलदाराची मराठी, दोन्हींवर दखनीचा लेप सारखाच. घरच्यांनी स्वतःच्या सोयीने समजून घेतलं आणि त्यावर तीन वर्षं पुरणपोळी खाल्ली.

चौथ्या वर्षी काकूची एक चुलत नणंद उदगीरहून आली. पंगत बसलेली. देशमुखबाई वाढायला बाहेर आल्या आणि नणंदेचा चेहरा आनंदाने फुलला. "अगं बाई! तू इथं कशी? ही तर आमच्या शेजारच्या गावच्या देशमुखांची सून. यांच्या शेतातल्या हुरड्याला आम्ही जायचो. मराठ्यांचं मोठं घर!" तिला वाईट काहीच म्हणायचं नव्हतं. गावचं माणूस भेटल्याचा तो आनंद होता. देशमुखबाईंनाही झाला. हातातली वाटी खाली ठेवून त्यांनी नणंदेला वाकून नमस्कार केला.

पंगतीतले हात थांबले होते. पहिले उठले ते आमच्याच गल्लीतले एक निवृत्त वकील. त्यांनी दुसऱ्यांदा पुरणपोळी वाढून घेतली होती आणि ती संपवूनच ते उठले. हे मी पाहिलं आहे. मग गुरुजी उठले. काकू स्वयंपाकघराच्या दारात आली.

"तुम्ही आम्हाला फसवलंत."

देशमुखबाईंना क्षणभर कळलंच नाही. "काय फसवलं, काकू?"

"देशमुख म्हणून सांगितलंत."

"देशमुखच हाव की. तुम्ही म्हणलात, देशमुख का? मी म्हणलं, हौ. म्होरं तुम्ही इचारलं नाही."

"विचारायचं काय त्यात? तुम्हाला कळायला नको? सोवळं नेसून देवापुढे उभ्या राहिलात!"

"लुगडं तुम्हीच दिलात, काकू. मला वाटलं, तुमच्या घरची रीत. आमच्याही घरी महालक्ष्म्या बसत्यात. तिथं मीच करते."

ही शेवटची ओळ काकूला सर्वांत जास्त लागली असावी. ती ओरडली, "नीघ तू इथून!" सकाळपर्यंत बाई "अहो" होत्या. देशमुखबाईंनी लुगडं बदललं, घडी करून खुर्चीवर ठेवलं आणि नेहमीच्या दाराने गेल्या. त्या आठवड्यात बाकीच्या तीन घरांनीही त्यांना येऊ नका म्हणून कळवलं. त्यांपैकी दोन घरी त्या नुसत्या रोजच्या पोळ्या करत. तिथे देवाधर्माचा संबंधही नव्हता.

महिना उलटला. नव्या बाई टिकेनात, काकूचे गुडघे दुखू लागले. शेवटी तिने मला निरोप देऊन पाठवलं. स्वतः जायचा विचार तिच्या मनात आल्याचं दिसलं नाही. निरोप असा होता की देशमुखबाईंनी रोजच्या स्वयंपाकाला परत यावं, बाकीच्या घरांनाही काकू सांगेल. फक्त एकदा गुरुजींसमोर म्हणावं की मी खोटं बोलले. म्हणजे दोष घराला लागणार नाही आणि शुद्धी करून मोकळं होता येईल.

कुकटपल्लीच्या त्या खोलीत नवरा खाटेवर बसला होता. संगीता दाराशी पुस्तक घेऊन. तिच्या प्रवेशाचे दिवस जवळ आले होते आणि हातातली कामं गेल्यामुळे तिने कापडाच्या दुकानात उभं राहावं असं घरात बोललं जात होतं. मी निरोप सांगितला. सांगताना माझी मला चीड आली, पण पूर्ण सांगितला. नवरा म्हणाला, "म्हण ना. एका शब्दानं काय जातंय? पोरीचं वरीस वाचंल."

देशमुखबाईंनी संगीताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "भैय्या, खोटं बोलले असते तर गुरुजींपुढं काय, चारमिनारपुढं उभी राहून म्हणले असते. न बोललेलं कसं म्हणू? उद्या ही पोरगी कुठं कामाला लागंल. तिला कुणी म्हणंल, तुझी आई खोटारडी, तिनं सोता कबूल केलंय. तवा ही काय सांगंल?"

"आई, दुकानात काम करीन मी," संगीता म्हणाली.

"तू गप. दुकानात बिकानात कोणी जायचं नाही. होतंय की."

मी उठलो तेव्हा त्यांनी चहा केला. आलं भरपूर होतं.

त्या सुमाराला कुकटपल्लीत नवे ब्लॉक उठत होते आणि नांदेड, लातूरकडची पोरं संगणकाचे कोर्स करायला येऊन एकेका खोलीत पाच-सहा जण राहत होती. देशमुखबाईंनी त्यांना जेवू घालायला सुरुवात केली. ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. नवरा फाटकाशी बसायचा बंद झाला आणि बाजार आणू लागला. संगीता इंजिनिअरिंगला गेली. पण एक नवी सवय बाईंना लागली. नवा पोरगा जेवायला आला की ताट मांडण्याआधी त्या सांगायच्या, "मी मराठ्याची हाय. चालत असंल तर बस." पोरं हसायची. एकाने विचारलं, "मावशी, कोण विचारायलंय तुम्हाला?" त्यांनी उत्तर दिलं, "तुला नाही इचारायचं, मला सांगायचंय. नंतर कुणी सांगितलं नाही म्हणू नये." हसून जगणाऱ्या बाईच्या तोंडी हे वाक्य आमच्या घराने घातलं. घराने केलेल्या सगळ्या गोष्टींत मला ही सर्वांत नीच वाटते.

कारण पुढचं असं आहे. दोनेक वर्षांत आमच्याकडच्या महालक्ष्म्यांचा स्वयंपाक केटररकडून येऊ लागला. पांढरी व्हॅन फाटकाशी थांबायची, स्टीलची पिंपं उतरायची. पुरण कुणी घाटलं, पोळ्या कुणी लाटल्या, कुणी अंघोळ केली होती का, यातलं काहीच कुणी विचारलं नाही. निवृत्त वकील पोटभर जेवले. गुरुजींनी नैवेद्य दाखवला. मी काकूला विचारलं, "हे लोक कोण आहेत, माहीत आहे?" ती म्हणाली, "आता दिवस बदललेत रे, एवढं बघून कसं चालेल?" दिवस बदलले होते हे खरं. मग ज्या एका बाईला या घराने सगळ्यांसमोर खोटं ठरवलं, तिच्याकडे जाऊन हेच वाक्य बोलायला कुणाची हरकत होती?

संगीताचं लग्न ठरलं तेव्हा ती सॉफ्टवेअर कंपनीत होती. देशमुखबाई स्वतः अक्षत घेऊन आमच्याकडे आल्या. काकूने त्यांना बसवलं, हळदीकुंकू लावलं, "येईन हो" म्हणाली. लग्नाच्या दिवशी काकूने मला पुन्हा हाक मारली. तिने एक इरकल साडी माझ्या हातात दिली. "माझे गुडघे कुठे चालतात? तू जा. एवढी दे त्यांना."

कुकटपल्लीच्या मंगल कार्यालयात देशमुखबाई दाराशी उभ्या होत्या. माझ्या मागे कोणी येतंय का ते त्यांनी पाहिलं. "काकू नाही आल्या?"

"गुडघे दुखतात. ही पाठवली आहे."

"काही म्हणल्या का?"

"नाही."

त्यांनी साडीवरून हात फिरवला. "चांगली हाय. परत घेऊन जा, भैय्या."

"मावशी, आजच्या दिवशी..."

"आजच्याच दिवशी. आहेर माणसानं आणायचा असतो. तू आणला असतास तर तुझा घेतला असता, ही तुझी नाही. काकूंना सांग, घरी या, नुसत्या हातानं या. आणि तू जेवल्याबिगर हालायचं नाही." त्यांनी मला पहिल्या पंगतीत व्याह्यांशेजारी बसवलं आणि स्वतः वाढलं.

साडी परत आलेली पाहून काकू म्हणाली, "अजून तेच धरून बसल्यात." साडी कपाटात गेली. काकू कुकटपल्लीला गेली नाही. घर बिल्डरला दिलं, ती फ्लॅटमध्ये राहायला गेली, नातवंडं अमेरिकेत. पुढे गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, त्यानंतर ती तिरुपतीला जाऊन आली, काशीला जाऊन आली.

मागच्या उन्हाळ्यात संगीताचा फोन आला. आई गेली, फार त्रास झाला नाही, आदल्या दिवशीपर्यंत डॉक्टरला होतंय की म्हणत होती. मी काकूकडे गेलो आणि सांगितलं. तिने टीव्हीचा आवाज कमी केला. म्हणाली, "पुरणपोळी मात्र तसली पुन्हा खायला मिळाली नाही." एवढं बोलून तिने डोळे पुसले. बाईंचं तिला एवढंच आठवत होतं.