ती दाखला न्यायला आली

लग्नानंतर सांगलीत आले तेव्हा मला पहिली नोकरी मिळाली ती एका खासगी उर्दू शाळेत, मराठी शिकवायची. माझं माहेर वाईचं. उर्दूचा एक शब्द मला येत नव्हता. मुलाखतीला जाताना टिकली लावावी की नको, यासाठी आरशासमोर बराच वेळ उभी राहिले. शेवटी लावूनच गेले. कुणी काही म्हणालं नाही.

काही वर्षांनी माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगी आली. कविता दोनदा वाचली की तिची पाठ. बाकीच्या पोरी 'ळ'ला अडखळायच्या. ही उलट 'ळ'वर जरा रेंगाळायची, गोळी चघळल्यासारखी. वक्तृत्व स्पर्धेत तिनं दुसरा नंबर आणला, तेव्हा ही मराठीची प्राध्यापक होणार, असं मी शिक्षकांच्या खोलीत सांगूनही टाकलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर क्लार्क म्हणाले, "बाई, तुमची ती मुलगी दाखला न्यायला आलीय." मुलींच्या निवासी मदरशात ती जाणार होती, कुराण मुखोद्गत करायला.

शनिवारी शाळा सकाळची असते. सुटल्यावर मी तशीच स्कूटर घेऊन तिच्या घरी गेले. वडील हळदीच्या कारखान्यातून नुकतेच आले होते, हाताचा पिवळा रंग अजून गेला नव्हता. आईनं चहा आणि खारी पुढं ठेवली. मी तयारीनं गेले होते. पोरगी हुशार आहे, तिच्यावर जबरदस्ती करू नका, असं बरंच बोलले. वडिलांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

"आवं बाई, आमी कुठं जबरदस्ती केली? मीच नको म्हनत हुतो. दहावी तर कर म्हनलं. तिचंच ठरलंय."

मी तिच्याकडं पाहिलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"खरं आहे?"

"हो बाई." मग ती म्हणाली, "तुमच्या तासाला कविता पाठ झाली की छातीत कसंतरी भरून यायचं. मावशीच्या गावात एका मुलीला कुराण म्हणताना ऐकलं, तेव्हा तसंच झालं. जास्तच झालं."

मी खारी चहात बुडवली. तेवढ्यात तिच्या आईनं सहज विचारलं, "तुमचा मुलगा कुठं शिकतो, बाई?"

"पाचगणीला. होस्टेलवर."

"लहान हाय न्हवं? जाताना रडला न्हाई?"

रडला होता. फाटकाला धरून रडला होता, आणि मी मागं न बघता गाडीत बसले होते. चांगली शाळा आहे, सवय होईल, असं सगळ्यांना सांगत होते. "थोडा रडला," असं मी म्हणाले आणि चहा संपवला.

रविवारी मुलाशी फोनवर बोलताना विचारलं, "तुला तिथं आवडतं का रे?"

"आता का विचारतेस?" तो म्हणाला. रागावून नाही, त्याला खरंच कळत नव्हतं. फेब्रुवारीत मी त्याला कायमचं परत आणायचं मनात घेऊन गेले, तर तो यायला तयार नाही. त्याचे मित्र तिथं, क्रिकेटची टीम तिथं. मी एकटीच घाट उतरून आले. आनंद व्हायला हवा होता की वाईट वाटायला, ते वाटेत ठरलंच नाही.

दोन वर्षांनी उन्हाळ्यात ती मुलगी माझ्या घरी आली. उंच झाली होती, काळा बुरखा, हातात प्लास्टिकची फाइल. मला वाटलं, परत यायचं म्हणतेय. पण तसं नव्हतं. मदरशातच राहून तिला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचं होतं, आणि सुट्टीभर माझ्याकडून मराठी शिकायचं होतं.

मी तिला पाठ झालेलं म्हणून दाखवायला सांगितलं. तिनं पदर सारखा करावा तशी डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि डोळे मिटून म्हणू लागली. मला एक अक्षर कळलं नाही. आवाज मात्र ओळखीचा होता, वर्गातलाच, फक्त अधिक शांत. माझ्या सासूबाई आतून येऊन दारात उभ्या राहिल्या. संपल्यावर त्यांनी विचारलं, "झालं का गं? अर्थ काय याचा?"

"मला अजून सगळा कळत नाही, आजी," ती म्हणाली. "शिकतेय."

मीही तिला अर्थ न विचारता कितीतरी कविता पाठ करायला लावल्या होत्या.

दहावीला ती चांगली पास झाली. मराठीत वर्गातल्या माझ्या सगळ्या मुलींपेक्षा तिला जास्त गुण. पेढे घेऊन वडील शाळेत आले आणि म्हणाले, "बाई, आता पुढं काय करावं तिनं? तुमीच सांगा."

"तिला विचारा," मी म्हणाले.

"तिनंच तुमाला विचाराया सांगितलंय," ते म्हणाले, आणि पेढ्यांचा डबा त्यांनी माझ्यापुढं सरकवला.