दुरुस्तीचं पान

आमच्या डॉक्टर मंडळींचं त्रैमासिक बंद करायचं घाटत होतं, तेव्हा संपादकांनी मला मुलचेऱ्याच्या दवाखान्यातून नागपूरला पिटाळलं. इतक्या वर्षांत आपल्या लेखांचा संदर्भ इतरांनी कुठे कुठे घेतला ते मोजून आणा, म्हणाले. त्यावरूनच त्रैमासिकाचं वजन ठरणार होतं. ऐंशीच्या दशकात हाताशी संगणक कुठला? ग्रंथालयातले संदर्भांचे जाडजूड सूचीखंड आणि मुंगीएवढी अक्षरं. चार दिवस डोळे फोडले.

सगळ्यात जास्त संदर्भ निघाले माझ्याच लेखाचे. आधी छाती फुगली. मग कुठला लेख ते पाहिलं.

दवाखान्यात नवा असताना लिहिला होता तो. हिवतापाचे रोगी निष्काळजी, गोळ्या अर्ध्यावर सोडतात, असं मी ठोकून दिलं होतं. अंक आल्यावर आमच्या सिस्टरबाईंनी मला चांगलंच झापलं.

"सोडत नाई जी साहेब, वाटून घेतात. नाल्याले पूर असला का तापातल्या बुढीले इथी कसं आनतीन? मंग आपल्यातल्या अर्ध्या तिले देतात. तुमी इचारलं काऊन नाई?"

खरंच विचारलं नव्हतं. त्यांच्यासोबत घरोघर फिरलो, तेव्हा त्यांचंच खरं निघालं. पुढच्या अंकात मी माझी चूक कबूल करून एक पान दुरुस्ती छापली.

त्या पानाचा संदर्भ मी खंडामागून खंड शोधला. एकानंही घेतलेला नव्हता. माझा 'निष्काळजी' मात्र एकाचं पाहून दुसऱ्यानं, दुसऱ्याचं पाहून तिसऱ्यानं उचलला होता. असा संताप आला की तो खंड धाडकन मिटला. ग्रंथपालांनी डोळे वटारले.

संपादक आकडा पाहून खूश. त्रैमासिक बंद पडता पडता वाचलं! दुरुस्तीचं काढलं तर म्हणाले, "आता ते कशाला उकरता?" मीही गप्प बसलो, याची चीड अजून जात नाही.

काही महिन्यांनी वरून परिपत्रक आलं. रोगी निष्काळजी असतात, सबब गोळ्या घरी देऊ नयेत, समोरच गिळवाव्यात. सिस्टरबाईंनी ते मोठ्यानं वाचलं. तळाशी आधार म्हणून माझा लेख होता. माझ्या नावापाशी त्या थांबल्या.

"मंग घरच्या बुढीले कोन देईन, साहेब?"

त्या दिवशी रांगेतल्या पहिल्या माणसानं माझ्यासमोर सगळ्या गोळ्या गिळल्या आणि रिकाम्या हातानं नाल्याच्या वाटेला लागला.