उंदरीण माहेराला निघाली

बार्शीकडच्या आमच्या डोंगरात पूर्वी इतकं दाट जंगल होतं म्हणे, की आत शिरलेली शेळी बाहेर येईपर्यंत आजी झालेली असायची. मी बघेपर्यंत त्याचे दोनच तुकडे उरले होते. एक अलीकडच्या टेकडीवर, एक पलीकडच्या. मधे आमचं भुईमुगाचं रान. दोन्ही तुकड्यांना जोडणारी होती फक्त आमच्या बांधावरची बोरी-घाणेरीची जाळी. आणि ती उपटायला दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, जेसीबी सांगून ठेवला होता.

त्याच आठवड्यात कॉलेजातली एक मॅडम बारके प्राणी मोजायला आली. पत्र्याचे पिंजरे आणि आमिषाला शेंगदाण्याचा लगदा. आम्हाला सगळे उंदीरच. तिच्या लेखी हा झुडपातला, तो खडकातला, आणि चिचुंद्री तर उंदरांच्या भावकीतलीच नाही! लगदा संपला तेव्हा आईनं प्रेमानं शेंगाचटणी दिली, लसूण-तिखटाची. सकाळी पिंजरे रिकामे, आणि डोंगरातले यच्चयावत उंदीर ओढ्यावर तोंड लावून बसलेले. ओढा वीतभर उतरला होता, शपथ! मग आईनं नुसते दाणे कुटून दिले.

सापडलेल्या जिवाच्या शेपटीला खूण करून मॅडम त्याला सोडून द्यायची. खुणेला थोरल्या बहिणीचं लाल नेलपॉलिश. ती पहिल्या बाळंतपणाला आलेली. पायाच्या नखांपर्यंत तिचा हात पोचतच नव्हता, म्हणून बाटली देऊन टाकली. लाल शेपटीची एक उंदरीण अलीकडच्या टेकडीवर सोडली, आणि दोन-तीन दिवसांनी तीच पलीकडच्या पिंजऱ्यात!

मॅडम पिंजरा घेऊनच अंगणात आली. "जाळीतूनच गेली ही. उघड्या रानात घुबड सोडत नाही. जाळी काढलीत तर इकडचे इकडं, तिकडचे तिकडं अडकतील. आपसातच सोयरिकी करतील आणि हळूहळू संपतील."

"संपू द्या की! शेंगा खात्यात माझ्या," दादा म्हणाले.

"ही जंगलातली. पिकात उतरत नाही. आणि पोटुशी आहे, सांभाळून."

दादा पिंजऱ्याशी उकिडवे बसले. "पोटुशी? आन् येवढ्या लांब?" मग ओट्यावर पाय पसरून बसलेल्या लेकीकडं बघितलं. "म्हंजे माहेराला निघालीय की वो!"

मॅडमनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. आईनं डोळ्यांनीच तिला गप्प केलं.

जेसीबीवाला आला, तर दादा बांधावर आडवे उभे. "मालक, उंदरापायी मला माघारी धाडताय?"

"लेकीबाळींची वाट मोडू व्हय रे? च्या पी, आन् जा."

दादा आता नाहीत. मी सोलापुरात राहतो, पण रान विकलेलं नाही. आजूबाजूचे बांध तासून गुळगुळीत झालेत. गावी गेलो की शेजारी विचारतात, "जाळी कवा काढतूस?"

"काढू की," मी म्हणतो, "सुगी होऊ दे." अशा किती सुग्या झाल्या! दर वेळी मी हेच सांगतो आणि जाळीला हात न लावता सोलापूरची एसटी धरतो.