कानबाईची गाणी आणि माझं लिनक्स

आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स मी स्वतः बसवलं; कोणाचीही मदत न घेता आणि पूर्ण शुद्धीवर असताना. हे आधीच सांगतो, कारण पुढचं ऐकून लोक भलत्याच शंका घेतात.

कॉम्प्युटर पार थकला होता. सकाळी चालू करून माझी आंघोळ, पूजा, नाश्ता उरकला तरी पडद्यावर ते गोल गोल फिरतच असायचं. सुनंदा (म्हणजे आमची सौ.; अख्ख्या जळगावात माझं कोणीच ऐकत नाही, त्यात ही पहिली) म्हणाली, "नवा घ्या आता."

"नवा कशाला? लिनक्स टाकतो! कॉम्प्युटर चालवायची नवी सिस्टम! जगभरच्या माणसांनी मिळून बनवलंय, सगळ्यांसाठी खुलं!"

"बनवलंय जगभरच्यांनी. पण टाकणार तुम्हीच ना?"

मी हा प्रश्न मनावर घेतला नाही.

खरी जोखीम वेगळीच होती. अक्का, म्हणजे माझी आई. तिची थोरली बहीण, धरणगावची मावशी, आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी म्हणायला लागली की गल्लीतल्या बायका पोळ्या तव्यावर टाकून यायच्या. मावशी गेली. तिचा आवाज तेवढा आमच्या कॉम्प्युटरमध्ये राहिला. दर श्रावणात कानबाई बसली की स्पीकरवर मावशी गाते आणि अक्का तिच्यामागे म्हणते. यंदा रविवारी कानबाई बसणार होती, आणि मी लिनक्सचा मुहूर्त काढला आदल्या दिवशीचा!

पण मी काय कच्चा गडी? आधी सगळी गाणी एका पेनड्राइव्हमध्ये काढली. (पेनड्राइव्ह माझाच. त्यातलं माझं खाजगी सामान डिलीट करून जागा केली.) अक्काने त्याला हळद-कुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवला आणि त्यातल्या बहिणीला सांभाळायची मला (म्हणजे भाऊला) अहिराणीत ताकीद दिली.

"भाऊ, याम्हा मनी बहीण शे. सांभायीसन ठेवजो."

लिनक्ससाठी मी तसाच दुसरा पेनड्राइव्ह आणला. आता शेवटचं म्हणून गाणी नीट वाजतात का ते बघावं, असं माझ्या मनात आलं. पण खाचेत कुंकू गेलं तर? म्हणून देव्हाऱ्यातला पेनड्राइव्ह ओल्या रुमालाने लख्ख पुसला. गाणी छान वाजली. मी समाधानाने चहा घेतला. चहा संपला तेव्हा टेबलावर दोन पेनड्राइव्ह होते. जुळे. दोन्ही लख्ख!

त्यातला एक मी पूर्ण आत्मविश्वासाने उचलला. लिनक्स भरण्याआधी कॉम्प्युटरने विचारलं, यातलं सगळं पुसलं जाईल, चालेल? मी म्हटलं, हो. मग विचारलं, तुमच्या डिस्कवरचंही सगळं जाईल, चालेल? हो! इतक्या ठामपणे मी लग्नालाही हो म्हटलं नव्हतं.

आणि काय सांगू! म्हातारा कॉम्प्युटर पोरासारखा पळायला लागला. मी घर गोळा केलं.

"भलतं भारी शे," अक्का म्हणाली. "आते मनी बहीणनं गानं लाव."

मी उरलेला पेनड्राइव्ह लावला. रिकामा! काढून पुन्हा लावला. पुन्हा रिकामा!

"कथा गई मनी बहीण?"

बहीण कुठे गेली, ते मी खरं सांगितलं: गाण्यांच्या पेनड्राइव्हवरच मी लिनक्स भरलं होतं. अक्का देव्हाऱ्यासमोर जाऊन बसली. रागावली असती तर परवडलं असतं. सुनंदाने चक्क मलाच चहा करून दिला, यावरून प्रसंग ओळखा.

मग मी इंटरनेटवर लिनक्सवाल्यांच्या मंचावर हात जोडले. कोणी परदेशातला सज्जन म्हणाला, पुसलेलं लगेच जात नाही. त्याच्यावर नवं लिहिलं गेलं असेल तेवढंच जातं. लिनक्समध्येच एक प्रोग्रॅम आहे, तो बाकीचं शोधून काढतो. दुपारभर तो पेनड्राइव्ह खरवडत होता आणि मी कानबाईला नवस बोलत होतो. संध्याकाळी पडद्यावर फायलींची रांग लागली. नावं गेलेली, नुसते आकडे. मी पहिलीवर क्लिक केलं.

मावशी गायला लागली!

"उनी वं माय! मनी बहीण उनी!" बहीण आली म्हणून अक्का रडत रडत हसली. मीही रडलो, लपवत नाही. त्या दिवशी मला न मागता शिरा मिळाला.

रविवारी कानबाई बसली. सगळ्या फायली ऐकून बघायला वेळ कोणाला होता? आकड्यांसकट सगळ्या स्पीकरवर चढवल्या. मावशी गात होती, गल्लीभर बायका मागे म्हणत होत्या, समोरचे नाना माझी पाठ थोपटत होते. मी कॉलर ताठ करून उभा! एक गाणं संपलं. दुसरं लागलं. त्यात आवाज माझा होता.

"हे बघ सुनंदा! आजपासून या घरात मी म्हणेन तेच होईल! समजलं?" थोडी खरखर. मग हळूच, "म्हणजे... तुला चालत असेल तर." पुन्हा खरखर. "नको. असं म्हणू का? सुनंदा, एक विनंती होती."

माझं खाजगी सामान! डिलीट केलेलं! लिनक्सने तेही इमानेइतबारे शोधून आणलं होतं.

मग नाना ओरडले, "भाऊ, हाई गानं परत लाव!" बायका पोट धरून बसल्या. अक्का डोळे पुसत म्हणाली, "मनी बहीण राहती, ते तीबी हसती."

सुनंदाने मात्र त्या फायलीच्या कॉपी काढून ठेवल्या आहेत. नव्या सिस्टमवर, कोणाचीही मदत न घेता. ती फाईल डिलीट कर, हे तिला कसं सांगायचं याचा मी सध्या सराव करतोय. मनातल्या मनात. रेकॉर्ड न करता!