हेडकाका आणि गाजरगवत

कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पायात चकचकीत बूट आणि दोन्ही हातांवर ब्रेडच्या रिकाम्या पिशव्या, मनगटाशी रबरबँडने आवळलेल्या. असा एक गृहस्थ सकाळी साडेसहाला मैदानात ओणवा होऊन काहीतरी उपटतो आहे, हे दृश्य मी दिल्लीत आल्यावर पहिल्याच आठवड्यात पाहिलं. मुनिरकाच्या गल्लीत राहणाऱ्या माणसाला कशाचंच फारसं नवल वाटत नाही. तरी मी थांबलो, कारण ते उपटत होते ते गाजरगवत होतं. आमच्याकडे वाशीमला त्याला गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. शिवाय गृहस्थ त्या गवताशी बोलत होते, आणि तेही चक्क मराठीत. "ये, ये बाहेर. मुळासकट ये. अर्धी मागे ठेवू नकोस."

"काका, तुम्ही मराठी का?" मी विचारलं. मान वर न करता त्यांनी उलट विचारलं, "जिल्हा कुठला?" मी वाशीम म्हणालो आणि त्या क्षणापासून त्यांच्यापुरता वाशीमच झालो. पुढच्या चार वर्षांत त्यांनी माझं खरं नाव दोनदा घेतलं असेल. माझा रूममेट इरफान, तो लातूर. आमच्याच गल्लीत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी सगळी मराठी पोरं त्यांनी अशी नकाशावर मांडून ठेवली होती. "काय लातूर, आज वाशीम दिसत नाही?" असं ते भर रस्त्यात विचारायचे आणि आजूबाजूचे लोक आमच्याकडे बघत राहायचे.

आम्ही मात्र त्यांना हेडकाका म्हणायचो. एका मंत्रालयाच्या बजेट विभागात त्यांनी अख्खी नोकरी काढली होती आणि निवृत्त झाल्यावर जवळच्याच सोसायटीत तळमजल्याचा फ्लॅट घेतला होता. सरकारी पैसा ज्या नावाखाली मंजूर होतो आणि फक्त त्याच कामाला लावता येतो, त्याला तिथे हेड म्हणतात. काकांच्या अंगात हा शब्द इतका मुरला होता, की कुणी काहीही सुचवलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कुठल्या हेडखाली?" काकू आम्हाला हसून सांगायच्या, "काल मी म्हटलं, पडदे बदलूया. तर विचारतात, कुठल्या हेडखाली? मी म्हटलं, संसार या हेडखाली. अजून मंजुरी नाही हो आली."

त्यांच्या फ्लॅटच्या खिडकीसमोरच ते मैदान होतं. कागदावर ते उद्यान होतं, पण प्रत्यक्षात दोन कडुलिंब, एक मोडका बाक आणि मोकळी माती एवढाच ऐवज. आमच्या खोलीची खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत हाताला लागायची, त्यामुळे ती मोकळी माती आम्हाला फार मोठी वाटायची. थंडीत अकराच्या सुमारास ऊन पडलं की सोसायटीतल्या बायका सतरंज्या टाकून मटार सोलायला बसत आणि त्यांच्या बाजूला आम्ही पुस्तकं घेऊन. काकू लग्न होऊन साताऱ्याहून आल्या, त्यांना दिल्लीतली हीच एक गोष्ट मनापासून आवडली होती, असं त्या म्हणायच्या. उन्हात बसायचं, पंजाबी शेजारणींच्या तिखट गप्पा ऐकायच्या आणि घरी जाताना अर्धे मटार खाऊन संपलेले असायचे.

पण काकूंना दमा होता. पावसाळ्यात मैदानभर गाजरगवत कंबरेएवढं व्हायचं, त्याला पांढरी बारीक फुलं यायची आणि काकूंचा श्वास लागायचा. जुलैपासून दिवाळी उलटेपर्यंत खिडक्या बंद, दाराखाली फडकं आणि काकू आत. दरवर्षी त्यांचा बंदिवास थोडा वाढत गेला. मी दिल्लीत आलो त्या वर्षी तर त्यांना डिसेंबरातही बाहेर बसता येईना. काकांना बाकी काही नको होतं, फक्त ती खिडकी उघडायची होती आणि बायकोला उन्हात नेऊन बसवायचं होतं. म्हणून त्या ब्रेडच्या पिशव्या.

मैदान एका सरकारी खात्याचं होतं. खात्याचं नाव मी घेत नाही. काकांनाही ते आवडलं नसतं. सरकारी खात्याबद्दल बाहेरच्याने वावगं बोललं की ते निवृत्तीनंतरही आपल्याच घरचं कुणी दुखावल्यासारखे गप्प व्हायचे. खात्याचा एक माळी होता, रामनिवास. तो यायचा ऑक्टोबरात, गवत कापायचं यंत्र खांद्याला लावून. तोवर फुलं वाळून बी तयार झालेलं असायचं. यंत्र फिरलं की ते बी पार आमच्या गल्लीपर्यंत उडायचं. "अरे भैया, काटो मत, उखाड़ो! और फूल आने से पहले आओ," असं काकांनी त्याला किती वेळा सांगितलं असेल. तो बिचारा कागद दाखवायचा. "साहब, ऑर्डर में कटाई लिखा है, उखाड़ना नहीं लिखा। और पैसा ही अब आया है।" काका कागद नीट वाचायचे, परत द्यायचे आणि रामनिवासला चहा पाजायचे. मग मला म्हणायचे, "गवताला आर्थिक वर्ष कळत नाही रे वाशीम. ते आपलं पावसाबरोबर येतं. आपण टेंडरबरोबर येतो."

एका जुलैत आम्ही सात-आठ जिल्ह्यांनी मिळून ठरवलं की आपणच उपटून टाकू. तीन सकाळी आम्ही राबलो. मैदानाचा एक कोपरा असा स्वच्छ झाला, की काकांनी काकूंना खिडकीच्या काचेतून तो दाखवला. चौथ्या दिवशी इरफानच्या मानेवर आणि दोन्ही हातांवर पुरळ उठलं, डोळे सुजले. त्याची पूर्वपरीक्षा तोंडावर होती. काका त्याला डॉक्टरकडे घेऊन गेले, मलम आणलं, रोज खोलीवर येऊन लावलंय का ते बघायचे. इरफान म्हणत होता, "काका, छोडो ना, एवढं काय त्यात." पण काकांनी आम्हाला पुन्हा मैदानात उतरू दिलं नाही. "हे तुमचं काम नाही. याच्यासाठी सरकार आहे, आणि सरकारकडे पैसे आहेत. ते फक्त आणता आले पाहिजेत."

पैसे आणणं म्हणजे काकांचं स्वतःचं राज्य. त्यांनी खात्याला अर्ज केला. उत्तर आलं, देखभालीच्या हेडखाली यंदा निधी शिल्लक नाही. काकांनी त्या खात्याचं बजेटचं पुस्तक संकेतस्थळावरून मला काढायला लावलं आणि चष्मा नाकावर सरकवून दोन दिवस वाचलं. तिसऱ्या दिवशी मला हाक मारली. देखभालीला चणेफुटाण्यापुरते पैसे होते, पण उद्यान-विकासाच्या हेडखाली पैसा नुसता पडून होता, कारण कुणी तो मागितलाच नव्हता. "यातून मागू," काका म्हणाले. अर्ज मी माझ्या लॅपटॉपवर टाइप केला, प्रत्येक वाक्य त्यांनी तोंडी सांगितलं. मैदानाचं क्षेत्र, परिसरातली वस्ती, तणाचा उपद्रव, डॉक्टरांचं प्रमाणपत्र. इतका देखणा अर्ज मी त्यानंतरच्या माझ्या नोकरीतही पाहिलेला नाही.

टाइप करता करता मी एकदा थांबलो होतो. विकासाच्या पैशातून झाडलोट करता येत नाही, त्यातून काहीतरी बांधावंच लागतं, हे मी त्याच आठवड्यात परीक्षेसाठी पाठ केलं होतं. मी तसं म्हणालो. हे काकांना माझ्यापेक्षा कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. दुसऱ्या कुणी अशी फाइल आणली असती तर त्यांनी लाल शाईने शेरा मारून ती परत पाठवली असती. पण आतल्या खोलीतून काकूंचा खोकला ऐकू येत होता. त्या आठवड्यात त्यांना दोनदा वाफ द्यायला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. "थोडं कुंपण घालतील, माती सपाट करतील," काका म्हणाले. "सपाट करताना मुळं निघतीलच की. बिल्कुल बसतंय यात. तू लिही." मी लिहिलं.

फेब्रुवारीत मंजुरी आली. काकांनी तो कागद आम्हा सगळ्यांना वाचायला दिला आणि रविवारी आम्हाला कस्तुरबा गांधी मार्गावर, आपल्या राज्याच्या अतिथिगृहात जेवायला नेलं. काकूही आल्या, नाकावर रुमाल धरून. काकांनी कोथिंबीर वडी दोनदा मागवली. काकू म्हणाल्या, "आता पुढच्या थंडीत मी नवी सतरंजी घेणार. आणि ती कुठल्या हेडखाली ते मला कोणी विचारायचं नाही." काका खूप हसले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामांना पैसे मंजूर केले, स्वतःच्या घरासाठी हे पहिलंच, असं ते म्हणाले. त्या दिवशी ते मला फार सुखी दिसले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जेसीबी आला. त्याने वीतभर माती खरवडून आमच्या गल्लीमागच्या रिकाम्या प्लॉटवर नेऊन ओतली, बियांसकट. काका खिडकीतून पाहत होते, त्यांना वाटलं, चला, सपाटी सुरू झाली. मग खडी आली, सिमेंट आलं आणि लाल-पिवळ्या टाइल्सचे ट्रक आले. काका अर्जाची फाइल छातीशी धरून धावत गेले, मी त्यांच्या मागे. जागेवरचा इंजिनिअर पोरसवदा होता, नम्रही होता. "सर, पूरे मैदान में टाइल लगेगी। बीच में ओपन जिम। घास का सवाल ही ख़त्म।"

"लेकिन मैंने तो घास उखाड़ने के लिए लिखा था," काका म्हणाले.

"सर, इस हेड में उखाड़ने का प्रोविज़न ही नहीं है। आप तो बजट में रहे हैं, आपको तो पता होगा। इकतीस मार्च से पहले काम नहीं हुआ तो पैसा लैप्स, सीधा वापस।"

काका टाइल्सच्या थप्पीवर बसले. मला म्हणाले, "त्याचं चुकत नाहीये रे. त्याच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं." मी त्यांच्या शेजारी बसलो. मला त्यांचा राग आला नाही. त्यांची दया आली, आणि ती त्यांना दिसू नये म्हणून मी मान फिरवली. काम थांबवा म्हणून त्यांनी त्याच दिवशी पत्र दिलं. त्याला उत्तरही आलं, एप्रिलात, काम वेळेत पूर्ण झाल्याचं कळवणारं आणि नागरिकांच्या सहकार्याबद्दल आभार मानणारं.

टाइल कापायचं यंत्र दहा-बारा दिवस त्या खिडकीसमोर सुरू होतं. दाराखालच्या फडक्याने ती धूळ थोडीच अडणार! शेवटी काकूंना ॲडमिट करावं लागलं. काकांची मुलगी अनघा नोएडाहून आली. ती दिल्लीतच वाढलेली, आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. "बाबा, बस यार आता. आईला मी घेऊन जातेय. एकोणिसावा मजला आहे, डस्ट वर येत नाही, प्युरिफायर आहे. तुम्हीही चला," ती म्हणाली. एरवी काकांनी तिच्याशी दोन तास वाद घातला असता. या वेळी त्यांनी फक्त औषधांची पिशवी कुठे ठेवायची ते विचारलं.

जायच्या दिवशी सामान गाडीत चढवायला मी आणि इरफान गेलो होतो. काकू दोन पावलं चालून थांबत होत्या. गाडीपाशी आल्यावर म्हणाल्या, "एकदा बघू द्या की मला काय केलंय ते. इतके दिवस नुसती आतूनच ऐकतेय." अनघा नको म्हणत होती, पण काकांनी त्यांचा हात धरून त्यांना नेलं. मैदानाभोवती आता हिरवं लोखंडी कुंपण होतं, आणि उद्घाटनाला कुणा मोठ्या माणसाची वेळ मिळत नव्हती म्हणून फाटकाला कुलूप. आत सगळीकडे टाइल्स, कडुलिंबांच्या बुंध्यापर्यंत सिमेंट, आणि कोवळी पानं आलेली ती दोन झाडं.

काकूंनी फाटकाचे गज धरून आत पाहिलं. एक पातं कुठे नव्हतं. अर्ज कोणत्या हेडखाली केला आणि त्यातून हे टाइल्सचं काम कसं आलं, यातलं त्यांना काही माहीत नव्हतं; काकांनी घरी फक्त पैसे मिळाले एवढंच सांगितलं होतं.

"किती स्वच्छ झालंय हो," त्या धापा टाकत म्हणाल्या. "तुम्ही केलंत ना हे माझ्यासाठी?"

काका आमच्याकडे बघेनात. कुलपाकडे बघत म्हणाले, "हो. मीच केलं."