रिकाम्या गाडीचं माप

गूढ अनुभवांच्या या पानावर बहुतेकांचे अनुभव घाटातले, विहिरीजवळचे, जुन्या रेस्ट हाऊसमधले असतात. माझा भर दुपारचा आहे, आणि कॉम्प्युटरसमोरचा. मी मूर्तिजापूरच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. ज्या गोष्टीचं कारण एका धड वाक्यात सांगता येत नाही, ती मी कधी खरी मानली नाही. दाराला लिंबू-मिरची बांधली नाही, मुलांची दृष्ट काढली नाही. तरीही हे लिहिते आहे, कारण इरा आणि निषाद, माझी नातवंडं, दूर परदेशात बसून हे पान वाचतात आणि फोनवर आजोबांबद्दल विचारतात. त्यांनी आजोबांना पाहिलेलं नाही.

म्हणून आधी आजोबा.

मुलांनो, तुमचे आजोबा मूर्तिजापूरच्या मार्केट यार्डात मापारी होते. कापसाची बैलगाडी काट्यावर चढवायची, भरल्या गाडीचं वजन घ्यायचं, मग कापूस उतरवून रिकाम्या गाडीचं. वजाबाकी केली की कापूस किती ते कळतं. पण हंगामात गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत जायची, तेव्हा लोकांनी एक सोय काढली होती — रिकाम्या गाडीचं वजन गाडीच्या फळीवर रंगवून ठेवायचं. मापाऱ्यानं तेच धरायचं, पुन्हा काट्यावर यायला नको. बाकीचे धरत. आजोबा खिशातला खडू काढून त्या आकड्यावर आडवी रेघ मारत आणि म्हणत, "रिकामी घेऊन ये."

"काहून हो मापारी, आमच्यावर भरोसा नाही का?"

"तुह्यावर हाय. फळीवर नाही."

एकदा एकजण चिडून म्हणाला, "बायको करताना बी मोजून घेतली होती का?" आजोबा म्हणाले, "नाही ना. तवापासूनच मोजून राहिलो." हे त्यांनी घरी येऊन मलाच सांगितलं, वर हसले. मी दोन दिवस बोलले नाही.

त्यांचा कामावरचा एकच फोटो आहे. काट्यावर कापसानं गच्च भरलेली गाडी, कापूस फळीवरून खाली लोंबतो आहे, शेजारी टोपी घातलेले आजोबा, एक हात काट्याच्या दांडीवर. तो रफीकभाईंच्या वडिलांनी काढला. मूर्तिजापूरला स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचा स्टुडिओ होता, तो पुढे रफीकभाईंनी चालवला. आजोबा गेल्यावर रफीकभाईंनीच तो फोटो स्कॅन करून मला सीडीवर दिला.

आता अनघा — तुमची आत्या. तेव्हा ती आणि मी अमरावतीला रुक्मिणीनगरात राहत होतो, आणि ती घरूनच काम करायची. जगभरातले सात-आठ जण मिळून एक सॉफ्टवेअर लायब्ररी सांभाळतात, त्यांतली ती एक. पुस्तकांची लायब्ररी नव्हे. फोटो उघडणारा, लहान-मोठा करणारा, वळवणारा जो भाग असतो, तो प्रत्येकानं नव्यानं लिहायला नको म्हणून एकदाच लिहून ठेवलेला. लोक तो फुकट घेतात आणि आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये बसवतात. ती शेतीची वाईट वर्षं होती. सकाळचा पेपर मी मागच्या पानापासून वाचायला लागले होते. नांदगाव खंडेश्वरकडची उभी वाळलेली पिकं, शेंदूरजनाघाटच्या करपलेल्या संत्र्याच्या बागा, यांचे पंचनाम्यासाठी फोटो काढून कॉम्प्युटरवर चढवायची पद्धत नुकती सुरू झाली होती. अनघा म्हणायची, "आई, ते फोटोसुद्धा आमच्याच लायब्ररीतून जातात." मला ते ऐकून जरा धाकच वाटायचा.

तिनं मला समजावलं होतं ते असं. फोटोच्या फाइलमध्ये सुरुवातीलाच लिहिलेलं असतं, मी इतका रुंद, इतका उंच. प्रोग्राम तेवढी जागा मोकळी करतो आणि फोटो त्यात ओततो. पण लिहिल्यापेक्षा जास्त आलं तर ते शेजारच्या जागेत सांडतं. चोर मुद्दाम खोटा आकडा लिहितो, आणि सांडलेल्या भागात स्वतःचे हुकूम भरून पाठवतो. मग कॉम्प्युटर त्याचा. अशा भोकांना ठिगळ लावणं हे अनघाचं काम.

आदल्या वर्षी तिनं असंच एक भोक बुजवलं होतं आणि शेजारचं राहून गेलं होतं. दुरुस्ती जाहीर झाली की ती सगळ्यांना वाचता येते, चोरांनाही. त्यांनी शेजारचं भोक चार दिवसांत शोधलं. कुठल्याशा देशातल्या एका लहान दवाखान्याचे सगळे एक्स-रे गेले. अनघा आठवडाभर नीट जेवली नाही. "पुन्हा एकदा असं झालं तर मी हे काम सोडून देईन," ती म्हणाली, आणि ती उगाच बोलणारी मुलगी नाही.

तर तो मे महिन्यातला एक गुरुवार. सहा वाजता नवी दुरुस्ती जाहीर करायची असं सगळ्या देशांतल्या लोकांशी ठरलेलं. एक ते चार आमच्याकडे लोडशेडिंग, कूलर बंद, इन्व्हर्टरवर तिचा कॉम्प्युटर आणि एक टेबलफॅन. मी तिला पन्हं द्यायला खोलीत गेले तेव्हा अडीच वाजले होते. वेळ आठवते, कारण माझ्या डायरीत आहे.

दुरुस्तीनंतर ती काही शे फोटो एकामागून एक त्या प्रोग्राममधून काढत असे — चांगले, मोडके, मुद्दाम बिघडवलेले. त्यांत अगदी पहिल्या दिवसापासून आजोबांचाही फोटो होता. तिची हौस. तो कधी अडला नव्हता.

त्या दिवशी सगळे गेले, आणि तोच अडला.

"बाबांना काय झालं?" ती म्हणाली. पुन्हा चालवलं. पुन्हा तिथेच थांबलं. तिसऱ्यांदाही तेच. फोटो कुठे सांडला तर ओरडणारा एक वेगळा पहारेकरी प्रोग्राम ती चाचणीपुरता लावायची; त्याची ओळ पडद्यावर आली होती, ती तिनं मला वाचून दाखवली. मोठ्या फोटोच्या पोटात एक छोटं चित्र आहे, आणि त्याचं लिहिलेलं माप आणि खरं माप जुळत नाही.

"छोटं चित्र म्हणजे?"

"कॅमेरे घालून ठेवतात गं. पटकन दाखवायला, तिकिटाएवढं. पण यात कुठून आलं? रफीकचाचांचं स्कॅनर तर घालतच नव्हतं."

तिनं ते बाहेर काढलं आणि मोठं केलं. मी चष्मा लावला. पुसला, पुन्हा लावला.

तोच काटा, तीच टोपी, दांडीवर तोच हात. तीच गाडी. पण रिकामी... कापसाचं एक बोंडही नाही. मोठ्या फोटोत कापसाखाली झाकलेली फळी उघडी होती, तिच्यावर रंगवलेला आकडा होता, आणि आकड्यावर खडूची आडवी रेघ. आणि मोठ्या फोटोत काट्याकडे बघणारे आजोबा इथे समोर बघत होते. आमच्याकडे.

मला भीती वाटली नाही, हे मुद्दाम लिहिते. एखाद्या खूप मोठ्या जागेत पाऊल टाकल्यावर माणूस आपोआप गप्प होतो, तसं झालं.

अनघा हळूच म्हणाली, "आई, मी छोटं चित्र मोजतच नाहीये."

म्हणजे तिची दुरुस्ती मोठ्या फोटोचं माप तपासत होती. आतल्या छोट्या चित्राचं माप मात्र प्रोग्राम लिहिलंय तसं धरत होता. आदल्या वर्षीसारखंच, शेजारचं भोक. "हे असं सहा वाजता गेलं असतं तर..." ती एवढंच म्हणाली आणि कामाला लागली. पन्हं तसंच राहिलं. मी उठले नाही. पावणेसहाला तिनं काम संपवून पुढे पाठवलं, जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या तिच्या जोडीदारानं तपासलं, आणि सहाला सगळं जाहीर झालं. त्यानं लिहिलं होतं, दुसरं भोक तुला कसं सापडलं? तिनं उत्तर दिलं, वडिलांनी दाखवलं. त्याला वाटलं, वडीलही याच कामात असतील.

मग तिनं आजोबांचा फोटो पुन्हा चालवला. सहज गेला. छोटं चित्र जपून ठेवावं म्हणून उघडायला गेली, तर फाइलमध्ये छोटं चित्रच नव्हतं.

प्रत्येक फाइलचा एक ठसा काढता येतो. एक अक्षर जरी बदललं तरी ठसा बदलतो. अनघाकडे चार वर्षांपूर्वीचा ठसा नोंदलेला होता. तो आणि आताचा, तंतोतंत एक. सीडीवरची फाइलही तीच. म्हणजे त्या फाइलमध्ये कधीच काही शिरलं नव्हतं आणि काही गेलंही नव्हतं. आणि तीन वेळा अडल्याच्या तीन ओळी कॉम्प्युटरच्या नोंदीत आजही आहेत. इन्व्हर्टरच्या विजेनं गडबड झाली असेल, असं मीही म्हणून पाहिलं. अनघा म्हणाली, "गडबडीनं चुकीचे ठिपके येतात, आई. गाडी रिकामी होत नाही."

पुढच्या आठवड्यात मी मूर्तिजापूरला गेले. रफीकभाईंनी डबा उपसून निगेटिव्ह काढली. तेवढी एकच.

"रिकाम्या गाडीचा फोटो काढला होता का हो तुमच्या अब्बांनी?"

"नाही ना बाई. मी होतो ना संगं. रोलमंदी एकच फोटो उरला होता. अब्बा म्हणे, भरेल गाडीचा काढू, रिकामीले कोण पाह्यते? मापारीसाहेब म्हणे, मी पाह्यतो ना." ते हसले, मग माझ्याकडे बघून थांबले. "काहून, काय झालं?"

मी काही झालं नाही म्हणाले. सांगायला एक धड वाक्य नव्हतं. ते आजही नाही.

अनघानं काम सोडलं नाही. आता प्रत्येक दुरुस्तीनंतर ती तो फोटो मुद्दाम सगळ्यांत शेवटी ठेवते, आणि त्या वेळी मला खोलीत बोलावते. आम्ही दोघी पडद्याकडे बघत बसतो. तो कधीच अडत नाही. "गेली गाडी," ती म्हणते. मी "बरं" म्हणते आणि डायरीत तारीख लिहिते. काम चोख झालं म्हणून समाधान वाटतं. आणि मुलांनो, खरं सांगायचं तर, थोडं वाईटही वाटतं.